शेठ जेवण कसं शोधतो?

आमचं घर मासे खाणारं घर आहे. रत्नागिरीत राहायचं आणि मासे खायचे नाहीत, हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही. मिरकरवाड्याला होड्या लागल्या की अब्बा पिशवी घेऊन निघतात, आणि आज बांगडा की सुरमई याची वर्दी ते परत येण्याआधीच फोनवरून स्वयंपाकघरात पोहोचते. अशा घराच्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत एक मासा आहे, त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, आणि त्याच्या जेवणाच्या वेळा घरातली पाच माणसं पाळतात, हे ऐकलं की पाहुणे आधी हसतात. ‘मासे पाळता? आम्हांला वाटलं, तळता!’ हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की आता चहाबरोबर बिस्कीट पुढे करावं तसं हसूही पुढे करतो.

आम्हांला स्वतःला यात काही विसंगत वाटत नाही. समुद्रातला मासा आपलं पोट आपण भरतो. टाकीतल्या माशाला आपण कोंडलेलं असतं. त्याचं पाणी, त्याची हवा, त्याचा दाणा, सगळं आपल्या हातून जातं. एका स्त्रीने मांजर बांधून ठेवलं, तिला खायला दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला मोकळंही सोडलं नाही, ही हदीस आपल्या घरांतल्या मुलांनीसुद्धा ऐकलेली असते. टाकी घरात आली तेव्हा अम्मीने सगळ्यांना तीच आठवण करून दिली होती.

टाकी आमची नव्हे, आपाची. मेहुण्यांना दोह्यात नोकरी लागली, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सगळं कुटुंब तिकडे गेलं. कपाट, फ्रीज, शिलाई मशीन असं काही नातेवाइकांत वाटलं गेलं, आणि आठ वर्षांच्या भाच्याने आपली टाकी आमच्या हवाली केली. त्यात तीन गोल्डफिश होते. दोन नारिंगी, लांब शेपटीचे, चपळ. तिसरा काळाभोर. दुकानदार त्या जातीला ‘ब्लॅक मूर’ म्हणतात. अंग अंड्यासारखं गोल, चाल संथ, आणि डोळे दोन्ही बाजूंना बटणांसारखे बाहेर आलेले. पोट आणि डोळे पाहून भाच्याने त्याचं नाव ‘शेठ’ ठेवलं होतं.

शेठ दुकानातून आला तेव्हाच त्याचा डावा डोळा नव्हता. जागेवर नुसती कातडी भरून आलेली होती. दुकानदार दुसरा धडधाकट मासा देत होता, पण भाच्याला हाच हवा होता. ‘याला कोणीच नेणार नाही,’ एवढंच त्याचं म्हणणं. निघताना त्याने आम्हांला तीनदा बजावलं, ‘शेठकडे लक्ष ठेवा हां.’ अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. मुलाला दिलेला शब्द होता, पण शब्द तो शब्दच.

पहिले सहा महिने ठीक गेले. मग एका सकाळी शेठच्या उजव्या डोळ्यावर दुधाळ पडदा दिसला. माशाचा डोळा असा गढुळला की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा असतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरमधल्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशाला विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही साखळी बिघडली तर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असूनही आत मासा होरपळत असतो. आम्ही दुकानातून तपासणीचं किट आणून पाणी पाहिलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दोष पाण्यात नव्हता. ज्या माशाचे डोळे जातीनेच बाहेर आलेले, त्याला खरचटण्याचा आणि संसर्गाचा धोका आयुष्यभर असतो. माणसाने शोभेसाठी शेकडो वर्षं निवड करत करत हे रूप घडवलं, त्याची किंमत मासा भरतो.

गुरं-कुत्री पाहणाऱ्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मासा हा आपला विषय नाही, पण मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका गृहस्थांचा फोन नंबर दिला. त्यांच्या सांगण्यावरून शेठला वीस लिटरच्या टबात वेगळं ठेवलं, एअर पंप लावला, रोज निम्मं पाणी बदललं आणि लिटरला 1 ग्रॅम या हिशेबाने जाडं मीठ घातलं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातला खारटपणा बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून पाणी सारखं आत शिरत राहतं आणि माशाला ते सारखं बाहेर टाकावं लागतं. जखम झाली की हे काम वाढतं. किंचित मिठाने तो भार हलका होतो. एक गोष्ट लक्षात ठेवायची: मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. जेवढं पाणी काढलं, तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घालायचं, नाहीतर प्रमाण वाढत जातं.

डोळ्याची सूज उतरली, पडदा मात्र गेला नाही. पंधरा दिवसांनी टॉर्च जवळ नेला, काचेपुढे हात हलवला, शेठ जागचा हलला नाही. मोठ्या टाकीत परत सोडला तर काचेवर तोंड आपटू लागला. दाणा वर तरंगायचा, शेठ खाली फिरायचा, आणि दोन चपळ नारिंगी भाऊबंद डोळ्यांपुढून सगळं फस्त करायचे. शेठचं पोट उतरू लागलं.

आता सल्ले सुरू झाले. एक शेजारी म्हणाले, खाडीत सोडून द्या, सवाब मिळेल. खाडीचं पाणी खारं, हा गोड्या पाण्यातला मासा. तडफडून मेला असता. मग तळ्यात सोडा, असं दुसऱ्याने सुचवलं. गोल्डफिश हा मूळ चीनमधला मासा. आपल्या तळ्यात तो परका. डोळस असता तर इथल्या माशांची अंडी खाल्ली असती, टाकीतले रोग तिकडे नेले असते. आंधळा असल्याने पहिल्याच दिवशी बगळ्याच्या चोचीत गेला असता. सोडून देणं म्हणजे प्रत्येक वेळी सुटका नसते, कधी ती नुसती आपली सुटका असते.

तिसरा सल्ला होता, संपवून टाका, माशाला काय कळतं? तर कळतं. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्याच्या भागात इजा जाणणाऱ्या नसा असल्याचं दाखवून दिलं. इजा झाल्यावर त्या माशांचं वागणं आणि खाणं बदलत होतं. पण याच कारणाने आम्हांलाही प्रश्न पडला, की शेठ कष्टात असेल तर त्याला जगवणं ही दया की हट्ट? आम्ही पुन्हा त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, ‘तीन गोष्टी पाहा. दाणा तोंडाशी लागला तर खातो का, पाण्यात तोल सांभाळतो का, कल्ल्यांची हालचाल शांत आहे का. तिन्ही ठीक असतील तर मासा आंधळा आहे, आजारी नाही.’

तिन्ही ठीक होत्या.

राहिला भाचा. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर दोह्याहून व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न शेठचा. दोन शुक्रवार आम्ही ‘टबात आहे, औषध चालू आहे’ असं खरंच ते सांगितलं. तिसऱ्या शुक्रवारच्या आधी आपाचा वेगळा फोन आला. पोराचं शाळेत अजून मन रमलेलं नाही, मित्र नाहीत, त्यात हे नको, असं तिचं म्हणणं. ‘तसाच दुसरा काळा आणून ठेवा ना. सगळे सारखेच दिसतात. त्याला कळणार पण नाही.’

तिचं दुःख आईचं होतं, ते आम्हांला कळत होतं. दुकानात तसे चार-पाच मासे होतेही, दोन्ही डोळ्यांचे. ‘डोळा बरा झाला’ म्हणून सांगता आलं असतं, आणि पोरगा खूशही झाला असता. अब्बांनी फोन हातात घेतला. ‘बेटा, त्याने पैसे ठेवायला दिले असते तर नोटा बदलल्या तरी चाललं असतं. त्याने जीव ठेवायला दिलाय. अमानतीत जीव बदलत नाहीत.’ आपा थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग तुम्हीच सांगा त्याला, अब्बा. माझ्याने होणार नाही.’

शुक्रवारी अब्बांनीच सांगितलं, साध्या शब्दांत. दुसराही डोळा गेला. आता त्याला दिसत नाही. दुखत नाहीये. पडद्यावर भाच्याचा चेहरा तसाच राहिला, आम्हांला वाटलं नेटवर्क अडकलं. मग त्याने विचारलं, ‘मग शेठ जेवण कसं शोधतो?’

रडेल, रागावेल, म्हणून आम्ही तयारीत होतो. या प्रश्नाची तयारी नव्हती. ‘बेचारा’ हा शब्द घरात पंधरा दिवस फिरत होता, पण एवढा कामाचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अब्बा म्हणाले, ‘पुढच्या शुक्रवारी सांगतो.’

तो आठवडा आम्ही वाचण्यात आणि टाकीपुढे बसण्यात घालवला. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल आणि दाब मासा त्या ओळीने ओळखतो. पोहताना त्याच्या अंगाने पाणी सरकतं, समोर काच किंवा दगड असला की त्या सरकण्यात फरक पडतो, आणि न शिवता त्याला अडथळा कळतो. शिवाय नाकपुड्यांनी वास येतो, आणि ओठांवर व तोंडात चवीच्या जागा असतात. म्हणून तर गोल्डफिश तळाची वाळू तोंडात घेतो, चाळतो आणि नको ते थुंकून टाकतो.

आणि डोळ्यांशिवाय जगणारे मासे तर अल्लाहच्या या दुनियेत मुळातच आहेत. मेक्सिकोच्या गुहांमध्ये एक छोटा मासा आहे, त्याच्या गुहेतल्या जमातींना डोळेच नाहीत. केरळात कोट्टायमच्या बाजूला विहिरींत सापडणारा बोटाएवढा आंधळा मासा 1950 पासून शास्त्रज्ञांना माहीत आहे. मेघालयातल्या गुहांमधला आंधळा मासा तर फूटभराहून मोठा होतो, जमिनीखालच्या माशांत तो सगळ्यांत मोठा म्हणून 2019 मध्ये नोंदला गेला. या माशांना हजारो पिढ्यांनी अंधाराची सवय झाली. शेठला ती काही आठवड्यांत करायची होती. त्यासाठी त्याला आमची एकच मदत लागणार होती: त्याने एकदा ओळखलेली जागा आम्ही बदलायची नाही.

शुक्रवारी भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. मग तो आणि आम्ही मिळून टाकी नव्याने लावली, तो तिकडून बोट दाखवणार, आम्ही इकडून हात बुडवणार.

दगडी कमान आणि प्लॅस्टिकची टोकदार झाडं काढली. तळाची खडी काढून बारीक वाळू घातली. भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट आणि जवळ, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाण्याचा क्षार वाढतो. म्हणून नदीची वाळू आणून पाणी नितळ येईपर्यंत धुतली. फिल्टरचा झोत काचेकडे वळवला, नाहीतर शेठ झोतात सापडून भेलकांडायचा. दोन्ही नारिंगी माशांना भाच्याच्या परवानगीने गल्लीतल्याच एका मोठ्या टाकीत जागा मिळाली.

जेवणासाठी बुडणारा दाणा आणला. अम्मीच्या चहाच्या सेटमधली, कप फुटून एकटी राहिलेली पांढरी बशी डाव्या कोपऱ्यात तळाला ठेवली. दाणा तिच्यातच पडायचा. अब्बा म्हणाले, ‘शेवटी मासा बशीपर्यंत आलाच.’ भाच्याचं म्हणणं होतं, जेवायच्या आधी काच वाजवा. पण काचेवरची टिचकी आत फार जोरात पोहोचते, मासा दचकतो. म्हणून बशीच्या वर चमच्याने पाणी तीनदा हलवायचं ठरलं. ती लाट त्याच्या कुशीला कळेल. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी मगरिबनंतर, हाच कोपरा, हाच चमचा, तीनच वेळा.

पहिले दहा दिवस काही झालं नाही. शेठ फिरत फिरत कधी बशीत पोहोचायचा, कधी नाही. न खाल्लेला दाणा दहा मिनिटांनी काढून टाकायचा, कारण तो कुजला की अमोनिया. अकराव्या-बाराव्या दिवसापासून चमचा हलला की तो जागेवर थांबायला लागला, जणू कान देतोय. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चमच्याची तिसरी फेरी पुरी व्हायच्या आत तो कोपऱ्यात आला, तोंड खाली केलं आणि बशी साफ केली. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते, असं लोक म्हणतात. शेठने ते आमच्या हॉलमध्ये खोटं ठरवलं. त्या शुक्रवारी भाच्याने ते तीनदा पाहिलं. शेठला तिसऱ्यांदा दाणा दिला नाही, नुसता चमचा हलवला, तर भाचाच रागावला. ‘मामू, त्याला फसवू नका. मग तो येणार नाही.’

जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात दोन रात्री वीज गेली. एअर पंप बंद, फिल्टर बंद. पाण्यातली हवा संपत आली की मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. आम्ही त्याचा दाणा बंद केला. गोल्डफिशला जठरच नसतं, तो थोडं थोडं खातो, पण एक-दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही, उलट पाणी कमी खराब होतं. मग इशापासून फजरपर्यंत पाळ्या लावल्या. दर थोड्या वेळाने तांब्याभर पाणी काढायचं आणि वितीभर उंचीवरून परत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. बशीच्या कोपऱ्यापासून दूर सोडत होतो, भाच्याचं बोलणं लक्षात ठेवून. घरातल्या धाकटीने आपल्या पाळीला मेणबत्तीच्या उजेडात अख्खा अभ्यास उरकला. पुढच्याच आठवड्यात बॅटरीवरचा छोटा पंप आणला, तो आता टाकीशेजारी तयार असतो.

एक गोष्ट घरातच बदलली. हॉलमधून चालताना दाणदाण पावलं टाकणं थांबलं. टीव्हीचा आवाज उतरला. पाण्याला हादरा बसला की शेठ कोपऱ्यात दबतो, हे सगळ्यांना माहीत झालं आहे. शेजारच्या दादींना काचबिंदूने आता अंधुकच दिसतं. त्या एकदा टाकीपुढे बसून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘माझ्या सुनेलाही सांगा रे हे. रोज झाडताना माझी खुर्ची हलवते.’ सून तिथेच होती, ती हसली. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीच्या चार पायांशी फरशीवर खडूच्या चार खुणा दिसल्या.

नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षंही जगतो. शेठ अजून बरीच वर्षं आमच्याकडे असेल, इन्शाअल्लाह. लग्नकार्याला सगळे बाहेरगावी गेलो तर टाकी कोण पाहणार, म्हणून गेल्या महिन्यात भाच्याने दोह्याहून स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून तिचा फोटो पाठवला. आम्ही ती छापून टाकीच्या बाजूला लावली आहे. ती अशी:

शेठला दिसत नाही. बाकी सगळं कळतं.

सकाळी 7.30 आणि मगरिबनंतर जेवण. चमचा तीनदा. दाणे पाचच. आठवड्यातून एकदा सोललेला उकडलेला वाटाणा.

चमचा हलवला तर दाणा द्यायचाच.

रविवारी एक बादली पाणी बदला. बादली टाकी भरून निघेल एवढी नको, चौथ्या भागाएवढी. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, औषधाचे थेंब टाकल्याशिवाय ओतू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या जुन्या पाण्यात पिळा, नाहीतर चांगले जिवाणू मरतात.

काच वाजवू नका. हात घालायचा तर आधी साबण पूर्ण धुवा.

वर आला आणि तोंड उघडतोय असं दिसलं तर पंप बघा.

बशी हलवू नका. मी मे महिन्यात येणार आहे, मी पण हलवणार नाही.